दोन किल्ल्या, दोन होड्या

माणूस आपल्यापासून हाकेच्या अंतरावर असावा, आपण त्याच्याशी बोलत असावं, आणि तो गेल्याचं मात्र आपल्याला काठावर उतरल्यावर दुसऱ्या कुणी सांगावं... माझ्या नशिबी हेच आलं. अण्णांना जाऊन आता दीड महिना होत आला. आमच्या बँकेच्या रेवदंडा शाखेचे ते पहिल्या दिवसापासूनचे एजंट, म्हणजे शाखेचे मुख्य, आणि मी त्यांचा कॅशियर. बाजारात भेटेल तो विचारतो, "शेवटच्या वेळी तुम्ही त्यांच्याजवळ होता ना हो?" होतो म्हणावं तर खोटं, नव्हतो म्हणावं तर जीव मानत नाही. मी मुळात चिडका माणूस; दोनचार जणांवर विनाकारण खेकसलो. मग घरातून सांगणं झालं, लोकांच्या अंगावर धावून जाण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून काढा. म्हणून लिहायला बसलो आहे.

मोठ्या लढाईनंतरची महागाई जरा उतरत होती त्या सुमाराला अलिबागच्या मंडळींनी ही बँक काढली आणि थोड्याच काळात रेवदंड्याला शाखा उघडली. शाखा म्हणजे काय, तर सुपारीचं जुनं गोदाम! भिंतींना चुना देऊन झाला तरी आत शिरल्याबरोबर सुपारीचा वास यायचा. एक टेबल, दोन खुर्च्या, गिऱ्हाइकांसाठी एक बाक आणि मुंबईहून गलबतातून आलेली तिजोरी. ती उतरवताना बघायला अख्खा कोळीवाडा बंदरावर लोटला होता. अण्णा तेव्हा ऐन तिशीतले. उंच, हडकुळे, काळी टोपी, गळाबंद कोट आणि बाराही महिने काखेत छत्री. आवाज मात्र असा खणखणीत की बँकेत कशाला आले, कीर्तन का केलं नाही, असं वाटावं. राहायला ते पलतडीला, खाडीपार साळावला. आई तिथं, घर तिथं, आंब्याची चार कलमं तिथं. रोज सकाळी होडीनं अलीकडं यायचं आणि संध्याकाळी पलीकडं जायचं. मी रेवदंड्यातलाच. पहिल्या दिवशी त्यांनी मला नाव विचारलं, मी वडलांच्या नावासकट, आडनावासकट सगळं सविस्तर सांगितलं. तर म्हणाले, "एवढं लांबलचक नाव हाक मारायला परवडायचं नाही. तू आपला बापू." त्या दिवसापासून गावानंही मला बापूच करून टाकलं.

तिजोरीला दोन किल्ल्या होत्या, आणि दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नसे. एक अण्णांकडं, एक माझ्याकडं. अण्णांनी त्यांची जानव्याला बांधली, मी माझी करगोट्याला. किल्ली अंगावरून उतरवायची ती बँकेच्याच माणसाच्या हातात देण्यासाठी, एरवी आंघोळीलासुद्धा नाही. ह्या किल्ल्या सोपवायला अलिबागहून चेअरमन जातीनं आले होते. पेशानं वकील. सगळे कायदेकानू सांगून झाल्यावर त्यांनी बोट वर केलं. "आणि एक लक्षात ठेवा. तुम्ही दोघांनी एका होडीत बसायचं नाही. एका खोलीत झोपा, एका ताटात जेवा, पण होडी वेगळी. होडी उलटली तर एजंट दुसरा मिळेल, कॅशियर दुसरा मिळेल. किल्ली मिळायची नाही!" अण्णांनी गंभीर चेहऱ्यानं मान डोलावली. साहेबांचा टांगा वळणाआड गेला आणि मग असे हसले की ठसका लागला. "बापू, कळली का आपली किंमत? आपण बुडालो तर बँक सुतक धरणार ते किल्लीचं!"

आम्ही हसलो खरे, पण बँकेला बरकत आली ती ह्याच नियमामुळं. कोळीवाड्यातली माणसं पैसा घरात पुरून ठेवत, नाहीतर वाण्याकडं टाकत. बँक म्हणजे काय हे त्यांना सांगायचं कुणी? अण्णा छत्री काखेत मारून रोज संध्याकाळी तिकडं जायचे आणि एखाद्या उपड्या होडीवर बसून बोलायचे. हिरूबाय म्हणून एक सुक्या मासळीची व्यापारीण होती. मोठा कारभार, आणि तोंडाची महाफटकळ. सगळ्या बायका तिच्या शब्दाबाहेर नसत. तिनं अण्णांना भर वस्तीत विचारलं, "तुमी आमचं पैसं घेऊन पलालं त?" अण्णा म्हणाले, "कसा पळणार? माझ्या एकट्याच्या किल्लीनं तिजोरी उघडत नाही. दुसरी बापूकडं." "मंग दोगं मिलून पलालं त?" "दोघांना पळायला होडी नको का? आणि एका होडीत बसायची तर आम्हाला बंदी आहे!" हिरूबाय कंबरेवर हात ठेवून हसायला लागली. दुसऱ्या दिवशी ती लुगड्याच्या ओच्यात रुपये घेऊन शाखेत हजर, आणि तिच्यामागं बाकीच्या. तिजोरीला तेव्हापासून जो सुकटीचा वास लागला तो लागलाच. तपासनीस अलिबागहून यायचे ते नाकाला रुमाल लावूनच आत बघायचे.

झालं! चेअरमनांनी नियम सांगितला किल्ल्यांसाठी, पण कोळीवाड्यानं तो स्वतःचा करून घेतला. आम्ही दोघं त्यांचे पंत; पंत दोन होड्यांत बसतात तोवर आपला पैसा सुखरूप, एवढी साधी गोष्ट. आणि त्यावर पहारा कोणाचा, तर पोशा तांडेलाचा. तरीवरची, म्हणजे माणसं खाडीपार नेणारी, होडी त्याची. आम्ही दोघं मिळून बंदरावर दिसलो की हा वल्हं आडवं धरून उभा. "एक चावी हिकडं. दुसरी मागनं येल." माझ्या लग्नातसुद्धा त्यानं सोडलं नाही. मुलीकडचे मुरुडच्या बाजूचे, वऱ्हाड खाडी ओलांडून जायचं होतं. अण्णा खरं तर पलीकडं राहणारे, तिथं थांबले असते तरी चाललं असतं. पण "मी वराकडचा माणूस, दारापासून येणार" म्हणून आदल्या दिवशीच माझ्याकडं मुक्कामाला आले. सकाळी मी मुंडावळ्या बांधून होडीत बसलो, अण्णा पाय टाकणार, तोच पोशा म्हणाला, "न्हाय पंत, न्हाय." सगळ्यांनी गयावया केली, माझ्या मामांनी आवाज चढवला. पोशा ढिम्म. शेवटी एक होडी सुके बोंबील भरून निघाली होती, तिच्यात टोपल्यांच्या मधे जरीचा फेटा बांधलेले अण्णा! लग्नात मुलीकडच्या बायका नाकाला पदर लावून बसल्या आणि अण्णा आपले अक्षतांचं ताट घेऊन सगळ्यांच्या पुढं. आमची ही अजून म्हणते, माझं लग्न बोंबलांच्या वासात लागलं. मुंबईला कामासाठी जायचं झालं तरी हाच प्रकार. एकानं आधीच्या आगबोटीनं जायचं, दुसऱ्यानं पुढच्या. पहिला धक्क्यावर ताटकळत बसायचा, आणि दुसरा उतरला की त्याच्यावर खेकसायचा. खेकसणारा अर्थातच मी.

इतक्या वर्षांत फक्त एकदा आम्ही एका होडीत बसलो. अण्णांकडं सत्यनारायण होता, मी तिथंच राहिलो होतो. सकाळी बघतो तर बाकीच्या होड्या मासेमारीला गेलेल्या, पोशा मुंबईला, आणि तरीवर त्याचा कुणी भाचा. शाखा उघडायची वेळ होत आलेली. अण्णा इकडंतिकडं बघून म्हणाले, "चल बापू, कोण बघतंय?" होडी काठावरून सुटली मात्र, अण्णांनी माझं मनगट धरलं. धरलं म्हणजे काय, नखं रुतली. बघतो तर डोळे गच्च मिटलेले, ओठ पांढरेफटक. "अण्णा, काय होतंय?" "काही नाही. तू बोलत राहा. काहीही बोल." मी घाबरून तोंडाला येईल ते बोलत सुटलो. पूजेचा प्रसाद, सुपारीचा भाव, माझ्या सासऱ्यांचं घोरणं... काठ आला तेव्हा त्यांनी हात सोडला. वाळूत उभे राहून म्हणाले, "मला पोहता येत नाही, बापू. लहानपणापासून पाण्याची भीती. रोज जाता-येता मरतो मी ह्या खाडीत. घर सोडवत नाही आणि नोकरी सोडवत नाही. आज तू बोलत होतास, तर निभलं." इतक्या वर्षांचा सहवास, आणि मी समजत होतो, होडीत हा माणूस ताठ बसतो तो कोटाला पाणी लागू नये म्हणून!

पण त्यावर विचार करायला सवड कुठली? काठावर बोंबील वाळत घालणाऱ्या बायकांनी आम्हाला उतरताना पाहिलं होतं. दुपार व्हायच्या आत शाखेसमोर ही गर्दी! सगळ्यांत पुढं हिरूबाय, हातात मेणकापडात गुंडाळलेलं पासबुक. "आमचं पैसं द्या." मी तडकलो. "अहो, पण झालं काय? बुडलो का आम्ही? समोर धडधाकट उभे आहोत ना!" हिरूबाय म्हणाली, "आज न्हाय बुरलं. उद्या परत बसाल. तुमी दोगं बुरालं त आमी रडू, पंत. पन आमचा पैसा कोन काढल?" मी आणखी काही बोलणार तोच अण्णांनी मला मागं सारलं. "बापू, तिजोरी उघड. मागेल त्याला दे." आम्ही देत राहिलो. अण्णा एकेकीला नाव घेऊन बोलावत होते, बाकावर जागा करून देत होते, पाणी देत होते. एकीलाही "का काढता?" म्हणून विचारलं नाही. तिजोरीचा तळ दिसायला लागला, तेव्हा अलिबागला माणूस पिटाळून रोकड मागवावी लागली. चेअरमनांचं जे पत्र आलं त्यातली भाषा इथं लिहिण्यासारखी नाही.

त्या संध्याकाळी अण्णा घरी न जाता कोळीवाड्यात गेले. मी बरोबर होतो. देवळासमोर उभे राहिले, टोपी काढली आणि म्हणाले, "चूक माझी. बापूला मी बसवलं. ह्यापुढं माझ्या अंगावर किल्ली असेतोवर ती दुसऱ्या किल्लीबरोबर होडीत बसणार नाही. माझा शब्द आहे." हिरूबाय पासबुक ओच्यात खोचून घरी गेली. पण शिमगा येईतो एकेक करून सगळ्यांचे पैसे परत तिजोरीत आले, वासासकट. मी मात्र घुश्शातच होतो. एवढ्या शिकल्यासवरल्या माणसानं टोपी काढायची कशाला, असं मी त्या संध्याकाळी परतताना म्हणालोही. अण्णा म्हणाले, "अरे, त्यांनी आपला नियम आपल्यापेक्षा जास्त मानला. मग टोपी कुणी काढायची?"

त्या दिवसापासून मी एक सुरू केलं. संध्याकाळी शाखा बंद झाली की मी अण्णांबरोबर बंदरावर जायचा. ते होडीत बसायचे आणि मी काठावरून बोलायला लागायचा, आवाज पोचेल तिथवर. पुढं माझा आवाज पोचत नसे तिथं त्यांचा पोचायचा, मग ते बोलायचे. भाजी काय आणायची, माझं अक्षर किती घाणेरडं, वहिनींनी, म्हणजे अण्णांच्या मंडळींनी, लोणच्याचा निरोप काय दिलाय... सगळी खाडी आमचा संसार ऐकायची. लोकांना वाटे, ह्या दोघांचं बोलणं दिवसभरात पुरत नाही. खरं कारण पोशाला तेवढं कळलं असावं. तो आपला मुकाट वल्हवायचा. मिठाच्या चळवळीच्या साली बंदरावर पोलीस असत. एका शिपायाला संशय आला की, "उद्या वांगी आण, कोवळी बघून आण" ही काहीतरी सांकेतिक भाषा आहे. त्यानं मला चौकीवर नेऊन बसवलं. अण्णा सकाळी पलीकडून आले ते थेट चौकीत. फौजदाराला म्हणाले, "साहेब, ह्याला सोडा. वांग्याशिवाय ह्याच्या डोक्यात काही नसतं, ह्याची हमी बँक देते."

ह्या वर्षी गौरी-गणपती झाले आणि एका रविवारी सकाळी पोशा धावत माझ्या दारात आला. "मोठं पंत लय बेजार हायत. चला." अण्णांच्या छातीत पहाटेपासून कळा येत होत्या. मी आमच्या डॉक्टरांना घेऊन पलीकडं गेलो. त्यांनी तपासलं आणि मला ओसरीवर घेऊन म्हणाले, अलिबागच्या इस्पितळात आजच्या आज न्यायला हवं, इथं माझ्या हातात काही नाही. रेवदंड्याला मोटार ठरवून ठेवा, असं सांगायला माणूस पुढं पाठवला. अण्णांच्या आई केव्हाच गेल्या होत्या, मुलगा नोकरीला मुंबईत. घरात वहिनी एकट्या. मी अण्णांच्या उशाशी बसलो. "मी तुमच्या होडीत येतो," म्हणालो. त्यांनी डोळे उघडले. "किल्ली?" "माझी पोशाच्या भावाकडं देतो. तो मागून घेऊन येईल." "तो बँकेचा माणूस आहे का?" "अण्णा, बदली माणूस अलिबागहून उद्या येईल. तोवर तुम्ही..." "मग आज दोन होड्या." मला राहवेना. "आग लागो त्या बँकेला!" तशाही स्थितीत ते हसले. "असं म्हणू नये. पगार तिथूनच येतो." मग बराच वेळ दम लागला. माझा हात धरून म्हणाले, "मी देवळासमोर शब्द दिलाय, बापू. तू मागच्या होडीत बस. पण बोलत ये हं... गप्प बसू नकोस."

पुढच्या होडीत अण्णा, वहिनी, डॉक्टर आणि पोशा. मागच्या होडीत मी आणि पोशाचा भाऊ. वारा होता, पाणी चांगलंच हलत होतं. माझा जीव नुसता टांगणीला लागलेला, पण मी बोलायला सुरुवात केली. आधी बोंबलांच्या होडीतल्या फेट्याची आठवण काढली. अण्णांचा आवाज आला, "वास... अजून येतो." मी हसलो, मोठ्यानं हसलो. मग त्या फौजदाराची गोष्ट. त्यांनी नुसता हात वर केलेला दिसला. मग मी माझ्या अक्षरावर आलो, म्हटलं, उद्यापासून रोज एक पान शुद्धलेखन काढतो, मग तर झालं? उत्तर आलं नाही. "अण्णा, ऐकताय ना?" पोशाचा आवाज आला, "ऐकतात, पंत. बोला तुमी." मी बोललो. वाऱ्यावर ओरडून ओरडून घसा बसला तरी बोललो. तुम्ही बरे होऊन आलात की चेअरमनांना सांगून साळावलाच शाखा उघडू, मग मी रोज मरत येईन तुमच्याकडं, असलं काहीबाही. मधे मधे विचारायचो आणि पोशा म्हणायचा, "हां, हां... बोला."

रेवदंड्याच्या काठाला होडी लागली. मी उडी टाकून पाण्यातून पुढं धावलो, तर पोशा आडवा आला. त्यानं माझे दोन्ही खांदे धरले. "पंत... मोठं पंत गेलं." मला अर्थच कळेना. "अरे, आता तर तू म्हणालास..." "अर्ध्या खारीत गेलं. दाक्तरांनी मना खुणावला. वयनीना वाटला, डोला लागला. पान्यात सांगून काय करनार व्हतो? वयनी त्या होरीत, तुमी ह्या होरीत. आनि तुमी बोलत व्हतात तवर त्यांच्या तोंडावर हसू व्हता. त्यानच गेलं." मी वाळूत बसलो आणि ओक्साबोक्शी रडलो. मोटारवाला दार उघडून उभा होता. वहिनींना तेवढ्यात समजलं. त्यांनी हंबरडा फोडला नाही. अण्णांच्या डोक्यावरची टोपी नीट केली आणि मला म्हणाल्या, "भावोजी, त्यांना घरी घेऊन चला."

म्हणजे पुन्हा खाडी. अण्णांना पोशाच्याच होडीत राहू दिलं. बातमी पसरायला वेळ लागतो थोडाच? बघता बघता कोळीवाडा काठावर जमला. हिरूबाय आता पार थकली आहे, काठी टेकत आली आणि पाण्याच्या कडेला उभी राहिली. अण्णांची किल्ली अजून जानव्यालाच होती. ती काढून घ्यायचा मला अधिकार नव्हता. दोन्ही किल्ल्या एका माणसाकडं असायच्या नाहीत. माझी माझ्या कमरेला. मी डोळे पुसले आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं मागच्या होडीकडं निघालो. पोशा वल्हं हातात धरून माझ्याकडं बघत राहिला. मी थांबलो. "पोशा, दोन्ही किल्ल्या आहेत रे..." एवढंच माझ्या तोंडून निघालं. पोशानं हिरूबायकडं बघितलं. हिरूबायनं काठी वाळूत रोवली, पुढं होऊन माझा दंड धरला आणि मला अण्णांच्या होडीकडं ढकलत म्हणाली, "बसा त्यांच्या बाजूला, पंत. आज बँक बुरली त बुरूं दे."